अर्धं झाकलेलं भिंग

बहिर्गोल भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावर पडलेल्या प्रतिमेचं काय होईल?

हा प्रश्न मला ऑनलाइन एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात एका असाइनमेंटमध्ये आला. बदलापूरची गाडी, अंबरनाथ मागे पडलेलं, उभं राहायला कशीबशी जागा. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी उत्तर लिहून टाकलं: अर्धी प्रतिमा नाहीशी होईल. दहावीला चौदा वर्षं भिंगं शिकवणाऱ्या बाईने यात विचार तो काय करायचा?

उत्तर चूक निघालं. म्हणजे शेरा तसा आला, पण माझा त्यावर विश्वास बसेना. शनिवारी शाळा लवकर सुटते. सगळे गेल्यावर प्रयोगशाळा उघडली, २० सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग स्टँडला लावलं, मेणबत्ती पेटवली आणि वहीच्या खाकी कव्हरचा तुकडा भिंगावर हळूहळू सरकवत नेला. पडद्यावरची उलटी ज्योत जागची हलली नाही. अख्खी होती, फक्त मंद झाली. खालून झाकलं, वरून झाकलं, मधोमध पट्टी धरली, तरी तेच. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश अख्ख्या भिंगावर पडतो आणि भिंगाचा उरलेला भागही पूर्ण प्रतिमा देतो. फळ्यावर आपण दोन किरण काढतो ते काढायला सोपे म्हणून. मी मात्र जगात तेवढेच किरण आहेत असं धरून चालले होते आणि मुलांनाही त्याच समजुतीत ठेवलं होतं. पुढे कळलं की हा प्रश्न एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात स्वाध्यायातच छापलेला आहे. बालभारतीच्या शाळेत ते पुस्तक उघडतंय कोण!

ही चूक चौदा वर्षांत कुणाच्याच हाती कशी लागली नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. बी.एड.ला पाठ टाचणाच्या रकान्यांवर सगळ्यांची नजर असते. सेवांतर्गत प्रशिक्षणात सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. तपासणीला आलेले साहेब वह्या मोजून गेले. बोर्डाच्या निकालातून तर ती कळणं शक्यच नव्हतं, कारण बोर्ड किरणाकृती काढायला सांगतं आणि दोन किरणांची आकृती माझी मुलं झोपेतसुद्धा काढतील. चूक पकडली ती एका असाइनमेंटने, आणि ती असाइनमेंट मी केली कारण मी पदवी करत होते.

तेव्हा नोकरी करता करता शिक्षकाने पुढे शिकावं, ऑनलाइन तर ऑनलाइन, या मताची मी आहे. पण दोन वर्षं हा उद्योग केल्यावर माझं दुसरंही एक मत झालं आहे. विज्ञान शिक्षकाला आज ऑनलाइन पदव्युत्तर पदवी मिळते ती विज्ञान वगळून मिळते, आणि तिच्यासाठी लागणारा सगळा वेळ त्याच्या झोपेतून कापला जातो. त्या पदवीत विज्ञान आणणं आणि तिच्यासाठी वेळ देणं, ही दोन्ही कामं शाळेची आणि शासनाची आहेत. ती शिक्षकाच्या हौसेवर सोडून दिलेली आहेत.

आधी विज्ञान वगळण्याबद्दल.

माझी मूळ पदवी भौतिकशास्त्राची. करायची होती एम.एस्सी. नियमित कॉलेजला हजेरी लागते, आणि माझी शाळा दुपारच्या अधिवेशनातली. तो रस्ता पहिल्याच दिवशी बंद झाला. मुंबई विद्यापीठात दूरशिक्षणाची सोय १९७१ पासून आहे. नाव आता सीडीओई झालं तरी कालिन्याच्या त्या इमारतीला सगळे अजून 'आयडॉल'च म्हणतात. तिथे मला गणिताची एम.एस्सी. दिसली, संगणकाची दिसली, माझ्या विषयाची दिसली नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' नेली आहे आणि तिथे विज्ञानातही पदव्युत्तर शिक्षण आहे, पण प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर जाऊन करायची. ते बरोबरच आहे. माझं अडलं ते वेळेवर. प्रात्यक्षिकांचे दिवस आठवड्याच्या मधले, सलग, आणि माझ्या शाळेत माझ्या जागी विज्ञानाचा तास घेणारं दुसरं कुणी नाही.

राहिलं ऑनलाइन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ऑनलाइन पदव्यांचे नियम केले तेव्हाच अभियांत्रिकी, वैद्यक, विधी यांच्या जोडीने प्रयोगशाळा लागणारे अभ्यासक्रमही त्यातून बाहेर ठेवले. २०२० मध्ये नवे नियम आले, दार मोठं झालं, पण आज आत काय मिळतं ते बघा: एमबीए, एमसीए, एम.कॉम., एम.ए., फार तर गणितासारख्या विषयाची एम.एस्सी. मी या नियमाला नावं ठेवणार नाही. अनुमापन करताना ब्युरेटचा नळ किती सैल सोडायचा, फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग टिकला की पुन्हा उडाला, हे बोटांना आणि डोळ्यांना कळावं लागतं. दुसऱ्याच्या बोटांचा व्हिडिओ बघून ते येत नाही. शाळेत वीस गुणांचं प्रात्यक्षिक आपण कसं उरकतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तरी प्रयोगाविना विज्ञानाची पदवी मागू नये.

पण नियमाचा हेतू चांगला असला तरी घडतं ते भलतंच. ऑनलाइन शिकायला निघालेला विज्ञान शिक्षक विज्ञानातून बाहेर पडतो. मी शिक्षणशास्त्राचं एम.ए. घेतलं, आणि त्यात विज्ञान अध्यापनाचा एक ऐच्छिक विषय होता हे माझं नशीब. भिंग तिथेच भेटलं. बाकीच्या विषयांत भिंगही नव्हतं आणि ज्योतही नव्हती.

आणि खरं सांगायचं तर मला हवी होती ती एम.एस्सी. तरी माझ्या कामाला किती आली असती? दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'चे दोन भाग आहेत. पहिला गुरुत्वाकर्षणापासून सुरू होऊन रसायन, वीज, भिंगं, धातू, कार्बनी संयुगं करत अवकाश मोहिमांवर संपतो. दुसऱ्यात आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञान. दोन्ही भाग मीच शिकवते. मूलपेशी मी मुलांच्या फक्त एक रात्र आधी शिकले. अशा बाईला पुंजयांत्रिकीच्या दोन पेपरांनी शहाणपण येईल, आनंदही होईल, पण मूलपेशी तिथेच राहतील. ली शुल्मन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: विषय येणं वेगळं, शिकवायच्या युक्त्या येणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मध्ये शिक्षकाचं असं एक तिसरं ज्ञान असतं. तो विषय नेमका कुठे मुलाच्या घशात अडकतो, कोणतं उदाहरण दिलं की सुटतो, कोणतं दिलं की आणखी रुततो, याचं ज्ञान. एम.एस्सी. पहिलं देते, बी.एड. दुसरं देतं. तिसऱ्याची पदवी मी शोधत होते.

अशा पदवीची बाजू घेतली की पहिला आक्षेप येतो तो 'ऑनलाइन' या शब्दावरच. आमच्या शिक्षकखोलीत तो दोन शब्दांत आला: "विकतचीच ना?" नियमाने बघितलं तर हा प्रश्न निकालात निघालेला आहे. आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं २०२० च्या नियमांत आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीर केलं. संस्थेला नॅक या मूल्यांकन परिषदेचे किमान ३.०१ गुण किंवा केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत वरचं स्थान लागतं. प्रवेशासाठी आता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी काढावा लागतो, म्हणजे बोगस संस्थांची वाट थोडी तरी अडली.

पण शिक्षकखोलीतला तो टोमणा अगदीच हवेतला नव्हता. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर पहिल्याच महिन्यात 'सॉल्व्ह्ड असाइनमेंट' नावाची पीडीएफ फिरली, आणि ती न उघडणारे आम्ही किती होतो हे मी विचारायला गेले नाही. आता तर पीडीएफचीही गरज उरली नाही. प्रश्न यंत्राला विचारला की चार परिच्छेद तयार. कृतिसंशोधनाचे अहवाल बी.एड. कॉलेजांभोवतीच्या झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं मिळत आले आहेत. जी पदवी घरबसल्या लिहून पुरी होते, ती घरबसल्या लिहवूनही घेता येते. म्हणून तर माझं म्हणणं आहे की शिक्षकाची पदवी त्याच्या वर्गातून पुरी व्हावी.

कसं, ते सांगण्याआधी वेळेचं.

ऑनलाइनच्या जाहिरातीत एक बाई सोफ्यावर लॅपटॉप घेऊन हसत बसलेली असते. 'तुमच्या वेळेनुसार शिका.' माझा वेळ असा: सकाळी साडेपाच ते साडेनऊ स्वयंपाक, डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि मुलीची शाळा. दहाला घराबाहेर. ठाण्याला गाडी बदलून भांडुप. सहाला शाळा सुटते, आठला घरी. रात्री साडेदहानंतरचा वेळ माझा, आणि त्यातलाही अर्धा पेपर तपासण्याचा. सगळी व्याख्यानं मी दीडपट वेगाने ऐकली, निम्मी गाडीत. दिव्याच्या आसपास नेटवर्क गेलं की प्राध्यापक तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि मुंब्र्याला वाक्य पुरं करायचे. ऑनलाइनने माझी कालिन्याची खेप वाचवली, हे खरं. दिवसात एक तासही वाढवून दिला नाही. पूर्वी संध्याकाळच्या कॉलेजला जाणारी बाई निदान घरातल्यांना सांगू शकायची की मी नऊपर्यंत नाही. घरात बसून शिकणारी बाई घरातच असते, आणि घरात असलेल्या बाईला हाक मारायला कुणाला संकोच वाटत नाही.

शाळेकडून मी फार मागितलं नव्हतं. सत्रपरीक्षेचे चार दिवस आणि आठवड्यातून एका दिवशी शेवटचे दोन तास मोकळे. अर्ज घेऊन गेले तेव्हा मोठ्या बाई वाईट वागल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, शिका तुम्ही, कौतुकच आहे. पण मुलांचं नुकसान होता कामा नये." परीक्षा किरकोळ रजेत बसवल्या. दोन तास मिळाले नाहीत.

मुलांचं नुकसान. या दोन शब्दांचा हिशोब एकदा नीट मांडायला हवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकाला अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं आणि त्याच दमात जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका हे अपवाद सांगतं. २०२४ मध्ये मुंबईने लोकसभेसाठी २० मेला आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान केलं. मतदान एका दिवसाचं. पण प्रशिक्षणं, साहित्य वाटप, मतदान केंद्रावर रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा धरा. ज्यांच्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम आहे त्यांचं तर वर्षभर चालू असतं. पुढे २०२७ ची जनगणना आहे. शिवाय यू-डायसवर शाळेची आणि शालार्थवर पगाराची माहिती भरणं, शाळेच्या गटावर रात्री अकराला येणारं 'उद्या सकाळी दहापर्यंत माहिती भरून द्या'. या सगळ्यासाठी वर्ग सोडताना मुलांच्या नुकसानीचा विषय माझ्यासमोर कुणी काढल्याचं मला आठवत नाही. वर्ग सोडून भिंगाबद्दल शिकायला निघाले, तेव्हा निघाला.

निवडणुकीचं काम करू नये असं मी म्हणत नाही. कुणीतरी करायलाच हवं. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे, आणि तो नुसत्या शिकवण्याचा नाही. पूर्वतयारीचे तास त्यातच मोजायचे आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दर वर्षी ५० तास शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी सांगितले. कागद माझ्या बाजूने आहेत. वेळापत्रकात मात्र 'पूर्वतयारी' नावाचा तास मी कुठल्या शाळेत पाहिलेला नाही. ऑफ तास असतो आणि तो बदली तासात जातो. ते ५० तासही बहुधा व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडण्यात भरतात. आणि आता १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आठवीपर्यंत शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायला सांगितलं आहे. पंचवीस वर्षं नोकरी झालेली माणसं पुन्हा बहुपर्यायी प्रश्नांच्या गाइडात डोकं घालून बसली आहेत. शिक्षकाला शिकायला लावायचं आणि त्यासाठी वेळ द्यायचा नाही, ही आपली जुनी सवय. त्यातून परीक्षा पास झालेले लोक मिळतात. भिंगावर पुठ्ठा सरकवून बघायला मात्र एक रिकामी शनिवार दुपार लागते.

यावर काहीजण सांगतील, मग पदवीच सक्तीची करा आणि पगार वाढवा. अमेरिकेत काही ठिकाणी तसं आहे. न्यूयॉर्क राज्यात कित्येक वर्षं शिक्षकाला नोकरी लागल्यावर काही वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळवूनच कायमचं प्रमाणपत्र मिळायचं, आणि अनेक जिल्ह्यांच्या वेतनतक्त्यात अशा पदवीला वेगळा रकाना असतो. परिणाम व्हायचा तोच झाला: कमीत कमी वेळात, कमीत कमी त्रासात होणारी पदवी शिक्षक शोधू लागले, आणि ऑनलाइनवाल्यांनी ती दिली. डॅन गोल्डहेबर आणि डॉमिनिक ब्रुअर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात तिथल्या विद्यार्थ्यांचे गुण आणि शिक्षकांच्या पदव्या ताडून पाहिल्या. शिक्षकाकडे नुसती वरची पदवी असण्याने मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. गणित-विज्ञानात शिक्षकाचं शिक्षण त्याच विषयातलं असेल तर मात्र दिसला. आपल्याकडेही पदवीचे व्यवहारी उपयोग आहेतच. ज्युनिअर कॉलेजला जायचं तर त्या विषयाची एम.एस्सी. हवी, आणि मराठी शाळांचे पट उतरत चाललेल्या मुंबईत दर संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरताना, अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार असते, तेव्हा हाताशी एक कागद जास्तीचा असलेला बरा. त्यासाठी शिकणाऱ्याला मी हसणार नाही. पण निव्वळ कागदासाठी सरकारने वेळ आणि पैसा द्यावा असंही मी म्हणणार नाही. द्यावा तो ज्या शिक्षणाने वर्गात काही हलतं, त्यासाठी.

वर्गात हलतं म्हणजे काय, ते सांगते. तिसऱ्या सत्रात मला एक छोटा प्रकल्प करायचा होता: मुलांची एखादी चुकीची कल्पना शोधा आणि तिच्याशी झगडा. मी दहावीच्या तुकडीला साधं परिपथ दिलं, सेल, बल्ब, तारा. विचारलं, विद्युतधारा मोजायला बल्बच्या आधी अ‍ॅमीटर लावला आणि बल्बच्या नंतर लावला तर कुठे जास्त दाखवेल? बहुतेक सगळे हात 'आधी'ला वर. का? तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बल्ब खातो ना करंट." आणि वर्गाने माना हलवल्या. इंग्रजीत यावर पुष्कळ संशोधन झालेलं आहे, जगभरची मुलं असंच समजतात, हे मी वाचलं होतं. पण 'खातो' हे क्रियापद मी कुठे वाचलं नव्हतं. आपल्या घरात गिझर लाइट खातो, इस्त्री लाइट खाते, जुना फ्रिज तर भरपूर खातो. मुलगा ते घेऊन शाळेत येतो. विद्युतधारा परिपथात सगळीकडे सारखी असते हे वाक्य तो पाठ करतो, पेपरात लिहितो, आणि घरी जाऊन गिझर बंद करतो कारण तो खातो.

शाळेत चालू अ‍ॅमीटर एकच होता. दुसरा शेजारच्या शाळेतून, तिथल्या सरांना दोन दिवसांत परत देण्याचं कबूल करून आणला. बल्बच्या दोन्ही बाजूंना लावले. दोन्ही काटे एकाच रेघेवर. वर्गात शांतता. मग तोच मागच्या बाकावरचा उठून पुढे आला आणि म्हणाला, "बाई, दुसरा मीटर आपला नाही. तो जास्त दाखवत असेल. अदलाबदल करा." केली. तरी काटे तिथेच. त्याने खाली वाकून तारा बघितल्या, सेल बघितला आणि विचारलं, "मग खातो काय?"

या प्रश्नावर माझा अख्खा पुढचा तास गेला. धारा जेवढी आत तेवढीच बाहेर. बल्ब घेतो ती ऊर्जा, आणि मीटरवर बिल येतं तेही तिचंच. चौदा वर्षांत या धड्यावर इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण तो विचारायची जागाच मी कधी ठेवली नव्हती. तो प्रकल्प मी मराठीत केला, मुलांची वाक्यं मराठीत टिपली आणि मग रात्री बसून इंग्रजीत उतरवला, कारण अभ्यासक्रम इंग्रजीत. 'खातो' तिथे सपाट झाला. मराठी माध्यमाच्या शिक्षकाने मराठी मुलांबद्दल केलेला अभ्यास मराठीत द्यायची मुभा असू नये, याचं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी जे मागते आहे ते आभाळातलं नाही. मुंबईत तर नाहीच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच शहरात आहे. मानखुर्दला जाऊन बघा, शाळेतलं विज्ञान मुलांच्या डोक्यात कुठे अडखळतं यावर तिथे आयुष्यं घातलेली माणसं आहेत. शेजारी देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं एम.ए. सुरू केलं ते नोकरीतल्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून: काही आठवडे समोरासमोर, बाकी आपापल्या गावी अभ्यास. भाभा केंद्रही त्यात भागीदार होतं. म्हणजे नमुना इथेच घडलेला आहे. माध्यमिकच्या विज्ञान शिक्षकांसाठी तो मोठा करायला काय हरकत आहे? वाचन, व्याख्यानं, चर्चा ऑनलाइन. प्रयोग दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत, कॉलेजांच्या प्रयोगशाळांत, ज्या तेव्हा कुलूपबंदच असतात. तिन्ही विज्ञानं दहावीच्या पुस्तकाच्या मापाने, पण त्याहून चार हात खोल. आणि निम्मे गुण शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातल्या कामाला. मार्गदर्शकाने सत्रातून दोनदा येऊन मागच्या बाकावर बसायचं आणि नंतर तोंडी परीक्षा घ्यायची. झेरॉक्सच्या दुकानात मिळालेला अहवाल मागच्या बाकावरच्या पाहुण्यापुढे टिकत नाही.

शाळेने द्यायचं ते एवढंच: आठवड्याला दोन तास, परीक्षेची रजा किरकोळ रजेत न मोजता, आणि दोन चालू अ‍ॅमीटर. शासनाने धोरणातले ५० तास यातच धरावेत आणि फीचा काही भाग उचलावा. वाटल्यास पदवी झाल्यावर पाच वर्षं शाळा सोडणार नाही असं लिहून घ्यावं. मी आनंदाने देईन, तसंही मला कोण कुठे घेतंय! खर्च येईल, हे मान्य. पण दर वर्षी प्रशिक्षणांवर, त्यांच्या पुस्तिकांवर आणि त्या दिवशीच्या जेवणावळींवर जे जातं त्यातला वाटा इकडे वळवला, तर तिजोरीला झळ लागेल असं मला वाटत नाही.

मोठ्या बाईंकडे मी या वर्षी पुन्हा अर्ज दिला. माझ्यासाठी नाही, माझं एम.ए. झालं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेले रसायनशास्त्राचे एक तरुण सर आहेत. हात चांगला आहे पोराचा. मागे सातवीला त्यांनी हळद, साबण आणि लिंबू घेऊन तास घेतला तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी होती. त्यांना पुढे शिकायचं आहे असं ते म्हणाले म्हणून मी त्यांच्या नावाने तेच दोन तास मागितले. "पुढच्या वर्षी बघू," असं उत्तर आलं. ते सांगायला शिक्षकखोलीत गेले तर सर मोबाइलवर डेब आयडी काढत बसले होते. मला बरं वाटलं. विचारलं, कशाला प्रवेश घेताय?

"ऑनलाइन एमबीए, मॅडम," ते म्हणाले. "त्यात प्रॅक्टिकल नाही ना."